तिसऱ्या चेंडूचं वजन

काटासाहेबांच्या हातून त्या सकाळी अंडी पडली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पडली. फ्रिजमधून तीन काढली, त्यातलं एक निसटलं, ते सावरायला दुसरं सोडलं, आणि दोन्ही सावरायच्या नादात तिसरं हवेत उडवलं (का उडवलं, हे त्यांना आजवर कळलेलं नाही). तिन्हींचा फरशीवर चिखल झाला. बायकोने कपाळाला हात लावला. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांच्या ओठांचा डावा कोपरा जरासा वर गेला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर एवढं की सासूबाई गेल्यापासून ते ओठ हललेच नव्हते. म्हातारा माणूस जेवायचा, औषध घ्यायचा, विचारलं तर हं म्हणायचा आणि उरलेला दिवस खिडकीबाहेर बघत बसायचा. त्यांचं ब्लडप्रेशर चढलेलं होतं. डॉक्टर महिन्याला घरी येऊन तपासत आणि जाताना बायकोला जिन्यापाशी बोलावून सांगत की औषधांचं मी बघतो, पण यांना जगावंसं वाटलं पाहिजे, ते माझ्या पिशवीत नाही. त्या दिवशी फरशी पुसता पुसता बायको म्हणाली, "अहो, बाबा हसले. तुम्ही पाहिलंत ना?"

काटासाहेबांनी पाहिलं होतं. आणि तिथेच त्यांनी ठरवलं की आपण तीन चेंडू हवेत खेळवायला शिकायचं, जगलिंग की काय म्हणतात ते. रोज अंडी फोडणं परवडण्यातलं नव्हतं.

काटासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, बाजाराने दिलेलं. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी तराजूचा काटा बघायचे, मग माणसाचा चेहरा. हातावर नुसती पुडी ठेवली तरी ती चिमूटभर हलकी आहे हे त्यांचं मनगट सांगायचं, आणि दुकानदारांची बोबडी वळायची. एवढं असूनही स्वतः वजनाच्या काट्यावर उभं राहून त्यांना किती वर्षं लोटली होती ते विचारू नका. सासूबाई शिवणकामात मुरलेल्या. जावयाच्या पॅन्टचं बटण लागेनासं झालं की त्या गुपचूप कंबर एक बोट सैल करून ठेवायच्या आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जावईबापूंची पॅन्ट धुण्यात आटली होती." जावयाची अब्रू त्यांनी अशी वर्षानुवर्षं झाकली. आता त्या नव्हत्या, आणि काटासाहेब रोज सकाळी श्वास रोखून बटण लावत होते.

तर चेंडू. खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन त्यांनी आधी टेनिसचे चेंडू घेतले. ते पडले की टप्पे घेत थेट कपाटाखाली जात, आणि काटासाहेब अर्धी दुपार पोटावर पडून छत्रीच्या दांड्याने त्यांना बाहेर काढत. मग स्पंजचे घेतले. ते इतके हलके की पंख्याच्या वाऱ्यावर स्वतःच्या मर्जीने फिरू लागले. लाकडी घेतले, त्यातला एक पायाच्या अंगठ्यावर बसला. संत्री करून पाहिली तर त्यातली दोन सासऱ्यांच्याच अंगावर फुटली. चौथ्यांदा चेंडूंसाठी गेल्यावर दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि समजावलं की नवशिक्याचं निम्मं काम वेचण्याचं असतं, त्यामुळे चेंडू असा हवा जो पडला की पडल्या जागी बसून राहील. कापडाचा, आत दाणे भरलेला, मुठीत मावेल असा, आणि मुख्य म्हणजे तिन्ही सारख्या वजनाचे.

एवढं बोलून दुकानदाराने तसे तीन चेंडू समोर ठेवले, आणि तिथेच चुकला. काटासाहेबांनी ते एकेक तळहातावर तोलले आणि त्यांची भुवई चढली. तिन्हींच्या वजनात फरक होता. दुकानदार म्हणाला, एवढासा फरक कुणाला कळतो? काटासाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपल्या गल्ल्याशेजारचा तराजू हळूच आत ढकलला.

चेंडू घरीच करायचे ठरले. मसूर डाळ त्यांनी ऑफिसात नेऊन काचेच्या पेटीतल्या काट्यावर मोजली, दाणा दाणा इकडून तिकडे करत. कापडासाठी सासूबाईंचं शिलाई मशीन ठेवलेल्या खोलीत गेले. मशीनवर झाकण होतं. खालच्या खणात गडद निळ्या, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या कापडाचा कापलेला तुकडा होता. चिंधीच ती, असं समजून त्यांनी कात्री चालवली. मग स्वतःच्या हाताने शिवले. शिवण कसली, मासे धरायचं जाळं बरं. चेंडू हलवला की फटीतून दोनचार दाणे गळायचेच. पण तिन्हींचं वजन शेवटच्या दाण्यापर्यंत सारखं होतं, आणि काटासाहेबांना तेवढं पुरे होतं.

बायकोने चेंडू पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "ही बाबांच्या शर्टाची बाही होती," ती म्हणाली. "आई शिवत होती. तेवढीच लावायची राहिली होती."

काटासाहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.  सासऱ्यांनी थरथरत्या हाताने एक चेंडू उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग उठले, शेजारच्या खोलीत गेले आणि तो चेंडू मशीनच्या झाकणावर ठेवून परत खुर्चीत येऊन बसले. तो तिसरा चेंडू. बाहीच्या मनगटाकडच्या भागाचा.

त्यानंतर रोज काटासाहेब जेवणाच्या सुट्टीत घरी येत, मशीनवरून तिसरा चेंडू आणत, सासऱ्यांसमोर उभे राहून सराव करत आणि जाताना तो परत मशीनवर ठेवत. सराव म्हणजे काय, तर चेंडू वर जात आणि काटासाहेब खाली वाकत. प्रत्येक वाकण्याला पॅन्ट कुरकुरे. चेंडू फरशीवर, टेबलावर, एकदा पाण्याच्या पिंपात. म्हाताऱ्याच्या ओठांचा कोपरा आता रोज वर जाऊ लागला होता, एके दिवशी तर उजवाही गेला. काटासाहेबांना वाटलं, जिंकलो. आणि त्याच आठवड्यात डॉक्टर आले, पट्टा बांधला, फुगा दाबला आणि गंभीर झाले. प्रेशर उतरण्याऐवजी वर गेलं होतं. औषध वेळेवर चाललंय ना, त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, तिन्ही वेळा मी स्वतः हातावर ठेवते. डॉक्टर म्हणाले की मग पुढच्या खेपेलाही असंच निघालं तर ॲडमिट करावं लागेल, आणि या वयात एकदा आत नेलेला माणूस केव्हा बाहेर येईल ते सांगता येत नाही. बायको त्या संध्याकाळभर स्वयंपाकघरात विनाकारण भांडी घासत होती.

याच सुमारास काटासाहेबांच्या मनगटाला काहीतरी जाणवू लागलं. पहिला चेंडू हातात येई, दुसरा येई, आणि तिसरा येताना किंचित खाली ओढे. तुम्हाआम्हाला कळलंही नसतं. त्यांना मात्र कळलं, आणि ते चेंडू जेवणाच्या डब्यासोबत ऑफिसात घेऊन गेले. काचेच्या पेटीत ठेवले. पहिला हलका झाला होता, दुसराही, कारण दोन्हींतून दाणे गळत होते. तिसरा जड झाला होता.

त्यांनी काटा तपासला. काटा बरोबर होता. प्रमाण वजनं ठेवून पुन्हा तपासला. चार दिवसांनी पुन्हा मोजलं, तर तिसरा आणखी जड. बंद कापडातली डाळ आपोआप वाढत नाही, हे समजायला निरीक्षक असावं लागत नाही. काटासाहेबांनी चेंडू डोळ्यांजवळ नेला. पहिल्या दोन चेंडूंवर त्यांचं स्वतःचं जाळं होतं. तिसऱ्यावर ते जागोजागी नाहीसं झालं होतं. तिथे बारीक, एकसारखे, मुंगीच्या पावलांसारखे टाके होते, आणि प्रत्येक टाक्याच्या शेवटी दोरा उलटा घेऊन आत लपवलेली गाठ.

ती गाठ त्यांनी वर्षानुवर्षं कंबरेला बांधली होती. सासूबाईंची गाठ.

त्या दिवसापासून घर बदललं. म्हणजे घर तेच, खिडकी तीच, पण भर दुपारी आत पाऊल टाकलं की काटासाहेबांना वाटे, आत्ता इथे कुणीतरी बोलायचं थांबलंय. शिलाई मशीनच्या खोलीतून तेलाचा वास येई. मशीनला कितीतरी महिने कुणी तेल दिलेलं नव्हतं. एकदा त्यांनी धीर करून दार लोटलं तर मशीनचं झाकण बाजूला होतं आणि चाक फिरत होतं, अगदी संथ, कुणी आत्ताच पाय उचलावा तसं. ते फिरत फिरत थांबलं. सुया टोचायच्या गादीवर एका सुईत निळा दोरा ओवलेला होता. काटासाहेब उलट्या पावली बाहेर आले. सासरे खुर्चीतून त्यांच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या ओठांचे दोन्ही कोपरे वर होते.

त्यांनी तिसरा चेंडू कपाटात कोंडून वरून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तो मशीनवर होता. त्यांनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून हळू आवाजात बाहीबद्दल माफी मागितली (दोनदा, पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही). फोटोतल्या सासूबाई पूर्वीपासूनच त्यांच्या पोटाच्या दिशेने बघत होत्या, आताही तिकडेच बघत होत्या. शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, शांतपणे शेजाऱ्यांकडून प्रेशरचं यंत्र आणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून म्हणाली की तुमचं बाबांपेक्षा जास्त आहे, मीठ कमी करा.

पण काटासाहेबांच्या डोक्यात हिशोब पक्का झाला होता. सासरे दिवसेंदिवस खंगतायत आणि चेंडू दिवसेंदिवस भरतोय. घरातल्या एका माणसाचं वजन थोडं थोडं करून कुणीतरी पलीकडे नेत होतं. नेणारी परकी नव्हती, नवऱ्यालाच न्यायला आली होती, आणि तिला न्यायला पिशवी शिवून दिली होती ती जावयाने. हा विचार आला की त्यांना जेवण जात नसे (पॅन्ट मात्र सैल होत नव्हती, हे कोडं वेगळंच).

डॉक्टर ठरल्या दिवशी दुपारी आले. पट्टा बांधला, फुगा दाबला, पुन्हा दाबला आणि पिशवी बंद करत म्हणाले की उद्या सकाळी गाडी पाठवतो, चार कपडे भरून ठेवा. बायको भिंतीला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिच्या आईला गाडीतून नेलं होतं ते याच दारातून, आणि ती परत आली नव्हती. सासरे खिडकीबाहेर बघत होते. काटासाहेबांचा बांध फुटला. त्यांनी मशीनवरून तिसरा चेंडू उचलून आणला आणि डॉक्टरांपुढे नाचवला.

"यांना हॉस्पिटल नको, डॉक्टर. हा बघा. रोज जड होतोय. सासूबाई यांना यात भरून नेतायत."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खाली पाहिलं. डॉक्टर अतिशय गोड आवाजात, जसं वेड्याशी बोलतात तसं म्हणाले की बरं, दाखवा बघू तो चेंडू इकडे. काटासाहेबांनी फेकला. आता इतके दिवस सराव केलेल्या माणसाने समोरच्या माणसाकडे चेंडू फेकायला काय हरकत होती? पण सराव होता तो सगळा वर फेकण्याचा. चेंडू सरळ वर गेला, चालू पंख्याच्या पात्यावर आपटला आणि फाटला.

खोलीभर मसूर डाळ उधळली गेली. डाळीबरोबर टपटप आणखी काहीतरी पडलं. पांढरं, गोल, चपटं. एक डॉक्टरांच्या चष्म्यावर आपटून त्यांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते उचललं, उजेडात धरलं, उलटून पाहिलं.

"ही तर माझीच गोळी आहे," डॉक्टर म्हणाले.

 सगळ्यांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. म्हाताऱ्याने आधी डाळीकडे पाहिलं, मग गोळ्यांकडे, मग शाळेत खडू चोरताना सापडलेल्या पोरासारखं लेकीकडे.

"दुपारची तेवढी घेत नव्हतो," ते म्हणाले. किती महिन्यांनी त्यांचं एवढं लांब वाक्य त्या घरात ऐकू आलं. "त्या गोळीने झोप येते. आणि जावईबापू चेंडू पाडायला नेमके दुपारीच येतात. झोपलो तर बघणार कसं? तुझी आई गेल्यापासून या घरात बघण्यासारखं दुसरं आहे काय?"

बायको रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता वडिलांच्या पायाशी डाळीतच बसली. म्हणाली, "बाबा, गोळी खिडकीतून फेकायची होती." म्हातारा म्हणाला की फेकून कसं चालेल? गोळ्या तुझी आई सांभाळायची, तिच्याच कापडात ठेवल्या. चेंडू कपाटात कोंडला तेव्हाही त्यांनीच लेकीच्या जुडग्यातली किल्ली घेऊन तो पुन्हा मशीनवर नेऊन ठेवला होता, कारण तिची जागा ती. हे ऐकून डॉक्टर उगीचच चष्मा पुसू लागले.

डॉक्टरांनी मग निकाल दिला. दुपारची गोळी बदलून झोप न आणणारी द्यायची, गाडी रद्द, आणि काटासाहेबांचा सराव चालू ठेवायचा. जाताना त्यांनी जिन्यापाशी काटासाहेबांना बाजूला घेऊन बजावलं की एक लक्षात ठेवा, शिकू मात्र नका. तुम्हाला जमायला लागलं की यांचं प्रेशर वाढेल.

काटासाहेबांना आपल्या डोक्यावरचं मणाचं ओझं उतरल्यासारखं झालं. भूत नाही, काही नाही, म्हातारबुवांची लबाडी होती. सगळे मिळून डाळ झाडत असताना फाटलेला निळा तुकडा त्यांनी हातात घेतला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पण बाबा, शिवण मात्र तुम्ही हुबेहूब सासूबाईंसारखी घातलीत हो. माझी तर पाचावर धारण बसली होती."

"कसली शिवण?" सासरे म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ते नेहमीसारखे थरथरत होते, इतके की चमच्यातला चहा सांडावा. "या हातांनी सुई धरवेल का? तुम्ही आपटून उसवायचात, मी फटीतून गोळी सारायचो. संध्याकाळपर्यंत फट बुजलेली असायची. मला वाटलं, ही बुजवते."

बायकोच्या हातातला झाडू थांबला. "मी नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हा वाटलं, तुम्हीच शिवलंय आणि भास होतायत, अहो."

शेजारच्या खोलीत काहीतरी कुरकुरलं. मशीनचं चाक असेल, नसेलही. कुणी बघायला गेलं नाही. बायकोने झाडू पुन्हा चालवायला घेतला, सासऱ्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि काटासाहेबांनी तो निळा तुकडा अतिशय आदराने घडी करून फोटोखाली ठेवला. नंतर त्या विषयावर त्या घरात कुणी बोललं नाही. प्रेशर मात्र उतरत गेलं. दुकानातून तिसरा चेंडू विकत आणला गेला, वजनातल्या फरकासकट, आणि काटासाहेबांनी चकार शब्द काढला नाही. ते रोज दुपारी मनापासून चेंडू पाडू लागले. म्हातारा आता आवाज करून हसत असे, आणि वर सूचनाही देत असे.

एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एका सकाळी ऑफिसला निघताना काटासाहेबांनी पॅन्ट चढवली, सवयीने श्वास रोखला, डोळे मिटले, बटण ओढलं. ओढावंच लागलं नाही. बटण आपसूक लागलं. त्यांनी श्वास सोडला, तरी लागलेलंच राहिलं. त्यांनी आनंदाने बायकोला हाक मारली की बघ, इतक्या वाकावाकीने शेवटी पोट उतरलं. ती आली आणि कंबरेकडे बघत राहिली. मग तिने पॅन्टची पट्टी बोटाने उलटून दाखवली.

आत बारीक, एकसारखे टाके होते. शेवटी दोरा उलटा घेऊन लपवलेली गाठ.

"धुण्यात आटली असेल," खुर्चीतून सासरे म्हणाले. त्यांना बसल्या जागेवरून काही दिसतही नव्हतं.

 काटासाहेबांनी घाबरत घाबरत ती सैल केलेली जागा बोटांनी मोजली, कारण काही झालं तरी माप बघायची सवय सुटत नाही. जिवंतपणी सासूबाई दर वेळी एक बोट सोडायच्या. या खेपेला त्यांनी तीन सोडली होती, आणि पॅन्ट अगदी बरोबर बसली होती.